‘ज्युलियस सीझर’: न वाचलेल्या कागदांची शोकांतिका

“तूसुद्धा, ब्रूटस?” हे वाक्य नाटक न वाचलेल्यांनाही पाठ असतं. सोसायटीच्या निवडणुकीत कुणी ऐनवेळी पॅनेल बदललं की दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतंच. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’बद्दल निवृत्त होईपर्यंत मलाही एवढंच ठाऊक होतं. हे वाक्य, आणि सीझरचा खून होतो ही गोष्ट.

नाटक सबंध वाचलं ते यंदाच्या पावसाळ्यात, आणि एकटीने नाही. कराडला आमच्या घराजवळच्या वाचनालयात आम्ही सातजण दर शनिवारी संध्याकाळी बसतो. पाच अंक, पाच शनिवार असं ठरवलं. मूळ इंग्रजी समोर ठेवायचं, भूमिका वाटून घ्यायच्या आणि आपल्या वाट्याचं बोलणं जमेल तसं मराठीत सांगायचं. सातजणांत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत, शिवणक्लास चालवणाऱ्या एक ताई आहेत, आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसणारा एक मुलगा आहे. तो पहिल्या शनिवारी नुसता ऐकायला म्हणून खुर्ची ओढून बसला आणि तिसऱ्या शनिवारी अँटनी झाला.

मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत बारनिशीला होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. त्यावर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, आणि मग तो ज्याच्या त्याच्या टेबलाकडे. कागद कुणाकडून आला, कुणाच्या हाती पडला, उघडला गेला की तसाच राहिला, हे बघण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळेच असेल, बाकीचे खंजीर मोजत होते तेव्हा मला या नाटकात कागदच दिसत होते. खंजीर चालतात ते मुख्यतः एकाच प्रवेशात. कागद मात्र पहिल्या अंकापासून शेवटच्या लढाईपर्यंत हलत असतात. आता दोनदा वाचून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की ब्रूटसचा आणि सीझरचा घात तिथेच होतो. एकजण खोटा कागद खरा मानतो, दुसरा खरा कागद उघडत नाही.

नाटक आहे १५९९ सालच्या आसपासचं. टॉमस प्लाटर नावाचा एक स्विस प्रवासी त्या वर्षी लंडनला गेला होता. २१ सप्टेंबर १५९९ रोजी जेवण करून, दुपारी दोनच्या सुमाराला नदी ओलांडून, गवताने शाकारलेल्या एका नाट्यगृहात आपण सीझरची शोकांतिका पाहिली, असं त्याने लिहून ठेवलंय. पंधराएक पात्रं होती, काम छान झालं आणि शेवटी नटांनी नाच केला, असंही तो सांगतो. एवढ्या रक्तपातानंतर नाच! पण तशी तिथली रीतच होती. छापील नाटक मात्र लोकांच्या हाती आलं १६२३ साली, म्हणजे शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर. त्याने कथा घेतली ती प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराकडून. टॉमस नॉर्थने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १५७९ साली निघालं होतं. आमच्या प्रतीत मागे त्यातले उतारे दिलेत. ते सोडू नका. शेक्सपिअरने कुठे काय बदललं हे ताडून बघताना मला नाटकाइतकाच आनंद मिळाला.

गोष्ट थोडक्यात अशी. इसवी सनापूर्वी ४४ साल. सगळे शत्रू संपवून सीझर रोमचा सर्वेसर्वा झालाय. त्याचा जवळचा माणूस अँटनी लोकांसमोर त्याला मुकुट देऊ करतो, तो तीनदा नाकारतो, पण दर वेळी थोडा कमी जोराने. कॅशियस या सिनेटरला हे सहन होत नाही. त्याला माणसं जमवायची आहेत, आणि त्या माणसांत एक नाव असं हवंय की ज्याच्याकडे बघून लोक म्हणतील, हा असेल तर काम देशाचंच असणार. ते नाव म्हणजे ब्रूटस. याच्या पूर्वजाने रोममधून राजाला हाकलून लावलं होतं. सीझरचं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे आणि त्याचंही सीझरवर. नाटकाला नाव सीझरचं असलं तरी तो जिवंतपणी तीनच प्रवेशांत दिसतो आणि त्याच्या वाट्याला दीडशेच्या आसपास ओळी येतात. नाटक ब्रूटसचं आहे.

आता पहिला कागद. कॅशियस वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चिठ्ठ्या लिहितो, जणू निरनिराळ्या नागरिकांनी पाठवल्यात. एक ब्रूटसच्या न्यायासनावर ठेवायची, एक खिडकीतून आत टाकायची, एक त्याच्या पूर्वजाच्या पुतळ्याला मेणाने चिकटवायची. पहाटेच्या अंधारात ब्रूटसचा नोकर ल्युशियस, वयाने लहान पोर, गारगोटी शोधायला जातो आणि त्याला खिडकीत ही बंद चिठ्ठी सापडते. आकाशात उल्का पडताहेत, त्यांच्या उजेडात ब्रूटस ती वाचतो. “ब्रूटस, तू झोपलायस. जागा हो, स्वतःकडे बघ. रोमने काय, वगैरे.”

त्या ‘वगैरे’पाशी मी अडले. चिठ्ठीत वाक्य पुरं केलेलंच नाही. ब्रूटस ते स्वतः पुरं करतो. “रोमने काय एका माणसाच्या धाकाखाली राहायचं?” हे कॅशियसने लिहिलेलं नाही! मोकळी जागा सोडली आणि ज्याच्यासाठी सोडली त्याने स्वतःच्या हाताने भरली. कचेरीत निनावी अर्ज यायचे तेव्हा आम्ही तीन गोष्टी बघायचो. सही आहे का, पत्ता आहे का, सोबत पुरावा आहे का. तिन्ही नसतील तर त्यावर कार्यवाही होत नसे. ब्रूटस एवढा शिकलेला, एवढा न्यायी, आणि तो हस्ताक्षरसुद्धा पडताळत नाही. प्लुटार्कच्या कथेत या चिठ्ठ्या खरोखर लोकांच्या आहेत. त्या कॅशियसच्या बनावट केल्या शेक्सपिअरने. एवढ्या एका बदलाने लोकांची हाक जाते आणि फसवणूक येते.

त्याच्या थोडं आधीच ब्रूटसचं ते भाषण आहे. सीझरविरुद्ध माझी वैयक्तिक तक्रार नाही, असं तो म्हणतो. विकार त्याच्या विवेकावर चढल्याचं मी कधी पाहिलं नाही, असंही म्हणतो. पण मुकुट मिळाल्यावर तो बदलेल. आणि तो आज जसा आहे त्यावरून आरोप उभा राहत नाही, तेव्हा मांडणी अशी करावी की हे सापाचं अंडं आहे, फुटायच्या आत चिरडायचं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. निर्णय आधी आणि टिपणी नंतर, अशा नस्ती मी आयुष्यभर पाहिल्या. ‘मांडणी अशी करावी’ हे शब्द मला फार ओळखीचे वाटले. लिहिणारा प्रामाणिक असला म्हणजे ती टिपणी खरी ठरत नाही, हे इतकं स्पष्ट मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

दुसरा कागद याच्या अगदी उलट. आर्टेमिडोरस नावाच्या एका शिक्षकाला सगळा कट कळलाय. त्याचं पत्र नमुनेदार आहे. आठ नावं, प्रत्येकाबद्दल एक छोटं वाक्य, पाल्हाळ शून्य. “ब्रूटसपासून सावध, कॅशियसवर लक्ष ठेव, कास्काजवळ जाऊ नकोस.” तो ते सीझरच्या वाटेवर उभा राहून देऊ करतो. त्याच क्षणी कटातला डिशियस दुसराच एक अर्ज पुढे करतो, सवडीने वाचा म्हणतो. आर्टेमिडोरस काकुळतीला येतो. माझा आधी वाचा, तो तुमच्या स्वतःबद्दल आहे! आणि सीझर म्हणतो, जे आमच्या स्वतःबद्दल आहे ते सगळ्यात शेवटी.

किती सुंदर, किती उदार वाक्य, आणि त्यानेच त्याचा जीव जातो. प्लुटार्क सांगतो की खऱ्या सीझरने ते पत्र हातात घेतलं होतं, वाचायचा प्रयत्नही केला, पण भोवतीच्या गर्दीने जमलं नाही. शेक्सपिअरने गर्दीचं कारण काढून टाकलं आणि सीझरच्या मोठेपणालाच कारण केलं.

आर्टेमिडोरस आमच्यात अण्णांनी वाचला. पस्तीस वर्षं दारोदार पत्रं वाटलेला माणूस. पत्र परत आलं तिथे त्यांचा आवाज चढला. अर्ज देऊ केल्यावर हात तसाच पुढे धरून राहिले. मग आमच्याकडे बघून म्हणाले, “रजिस्टर केलं असतं तर सही घेतल्याशिवाय मी हललो नसतो हो.” कुणी हसलं नाही. मला आमच्या कचेरीतलं एक पाकीट आठवलं. ‘व्यक्तिशः’ असं लिहिलेलं टपाल बारनिशीत उघडायचं नाही, बंदच साहेबांकडे पाठवायचं, असा नियम. एका शाळेच्या छताबद्दलचं पत्र असंच बंद गेलं. पावसाळ्यात एका रात्री वर्गातला गिलावा कोसळला. रात्र होती म्हणून पोरं वाचली. ते पाकीट नंतर साहेबांच्या खणात न फोडलेलं सापडलं. माझ्या नोंदवहीत त्याची तारीख दोन महिने आधीची होती. तारीख बरोबर असल्याचं समाधान मला आजही वाटत नाही.

खुनाच्या प्रवेशावर मी जास्त लिहीत नाही, तो प्रत्यक्षच वाचा. “तूसुद्धा, ब्रूटस?” हे सबंध इंग्रजी नाटकात लॅटिनमध्ये आहे, तीनच शब्द, आणि त्यानंतर सीझर स्वतःला म्हणतो, मग पड, सीझर. म्हणजे मारेकऱ्यांशी झगडणं तिथे थांबतं. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार जखमा तेवीस सांगतो, नाटकात सीझरचा वारस ऑक्टेव्हियस तेहेतीस म्हणतो. खरा खून पाँपेने बांधलेल्या सभागृहात झाला, नाटकात तो कॅपिटॉल या रोममधल्या टेकडीवर होतो. अशा तफावती बऱ्याच आहेत. प्राचीन रोममध्ये घड्याळाचे तीन टोलेही पडतात. त्याने माझं काही अडलं नाही.

अडलं ते भाषांतरात. तिसरा शनिवार आम्हाला पुरला नाही, चौथा अर्धा त्यातच गेला. ब्रूटस सीझरवर आरोप करतो तो शब्द इंग्रजीत ‘अँबिशस’. मराठीत सरळ महत्त्वाकांक्षी. पण आपल्याकडे मुलगा महत्त्वाकांक्षी आहे म्हटलं की आईबाप खूश होतात. त्या शब्दाने खुनाचं समर्थन कसं होणार? ‘सत्तेची हाव’ असं मी सुचवलं आणि ते बसलं. दुसरा शब्द त्याहून अवघड. अँटनी पुन्हा पुन्हा म्हणतो तो ‘ऑनरेबल मॅन’. सज्जन, प्रामाणिक, आदरणीय, सगळं करून पाहिलं. मग मला आमच्या सभांची इतिवृत्तं आठवली. तिथे प्रत्येक नावाआधी एकच शब्द असतो, सन्माननीय. सन्माननीय सदस्यांनी हरकत घेतली. सन्माननीय सदस्य सभात्याग करून गेले. ज्याने माइक उपटला तोही सन्माननीयच.

तो मुलगा उभा राहून वाचू लागला. “ब्रूटस म्हणतात सीझरला सत्तेची हाव होती, आणि ब्रूटस हे सन्माननीय गृहस्थ आहेत.” पहिल्यांदा ते नुसतं सभाशास्त्र होतं. दुसऱ्यांदा शिवणक्लासच्या ताईंनी मान वर केली. सीझरने कैदी आणले, त्यांच्या खंडणीने सरकारी खजिना भरला, ही हाव का? गरीब रडले तेव्हा सीझर रडला, ही हाव का? मुकुट तीनदा नाकारला, ही हाव का? चौथ्यांदा तो शब्द आला तेव्हा त्याची चव पार उतरली होती. अँटनीने ब्रूटसला एकही शिवी दिलेली नाही. शब्द तोच ठेवून त्याने त्याच्या खालची जमीन काढून घेतली. भाषणाची कला शिकायची असेल त्याने हे भाषण आधी ब्रूटसच्या भाषणाशेजारी ठेवून वाचावं. ब्रूटस गद्यात बोलतो, मोजूनमापून, एका वाक्याला दुसरं तोलून. त्याला वाटतं कारण पटलं की माणूस पटला. लोक टाळ्या वाजवतात आणि ओरडतात, यालाच सीझर करा! ज्या गोष्टीसाठी खून केला तीच ते त्याला देऊ करतात, आणि हे त्याच्या ध्यानातही येत नाही. शिवाय अँटनीला बोलू देऊ नका असं कॅशियस कानात सांगत असताना, शेवटचं भाषण त्याला देऊन ब्रूटस निघून जातो.

आणि तिसरा कागद, मृत्युपत्र. अँटनी ते दाखवतो आणि म्हणतो, वाचणार नाही, वाचलं तर तुम्ही पेटाल. लोक ओरडतात, वाच. तो खाली उतरतो, प्रेताभोवती सगळ्यांना कडं करायला लावतो, सीझरचं वस्त्र हातात घेतो. हे त्याने पहिल्यांदा घातलं ती उन्हाळ्यातली संध्याकाळ मला आठवते, नर्व्ही या टोळीला हरवलं त्या दिवशी, तंबूत. मग एकेक फाटलेली जागा. इथून कॅशियसचा खंजीर गेला, इथून कास्काचा, इथून लाडक्या ब्रूटसचा. खरं तर खून झाला तेव्हा अँटनी तिथे नव्हताच, कटवाल्यांनी त्याला बाहेर नेलं होतं. कुठलं भोक कुणाचं हे त्याला कसं कळणार? पण त्या क्षणी हे विचारायचं सुचत नाही, आम्हालाही सुचलं नाही. नंतर घरी आल्यावर सुचलं. लोक पेटून दंगलीला निघतात आणि मृत्युपत्र विसरूनच जातात. अँटनीलाच आठवण करून द्यावी लागते. प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर द्राख्मा, आणि सीझरच्या बागा सगळ्यांना खुल्या.

हा कागद पुढे कुठे जातो ते बघा, कारण हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. चौथ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात अँटनी, ऑक्टेव्हियस आणि त्यांचा साथीदार लेपिडस मारायच्या माणसांची यादी करताहेत. नावापुढे खूण केली की माणूस गेला. लेपिडस स्वतःच्या भावाच्या नावाला संमती देतो, अँटनी भाच्याच्या. आणि त्याच दमात अँटनी लेपिडसला म्हणतो, सीझरच्या घरी जा आणि ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातली देणी कुठे कमी करता येतील ते बघू. त्याच कागदावर त्याने रोम पेटवलं होतं. रोमचे लोक तेव्हा रंगमंचावर नाहीत, त्यांना हे कधीच कळत नाही. ते फक्त आपल्याला कळतं.

या दोन प्रवेशांच्या मध्ये एक छोटासा प्रवेश आहे, जेमतेम चाळीसेक ओळींचा. सिन्ना नावाचा कवी रस्त्याने जातोय. जमाव त्याला अडवतो. नाव? सिन्ना. कटात एक सिन्ना होता. तो ओरडून सांगतो, मी कवी सिन्ना, कटातला नव्हे. एकजण म्हणतो, मग याच्या वाईट कवितांसाठी फाडा याला. दुसरा म्हणतो, काही फरक पडत नाही, याचं नाव सिन्ना आहे. नावसाधर्म्यामुळे एकाचा बदलीचा आदेश दुसऱ्याला गेलेला मी पाहिलाय. दुरुस्तीपत्रक काढून ते निस्तरता येतं. हे निस्तरता येत नाही. वाचून झाल्यावर आमच्यात बराच वेळ कुणी बोललं नाही.

नाटकात उणिवा आहेत आणि त्या मी लपवणार नाही. पाचवा अंक धावत सुटतो. ब्रूटस-कॅशियस आणि अँटनी-ऑक्टेव्हियस यांच्यातल्या फिलिप्पीच्या खऱ्या लढाया दोन, इसवी सनापूर्वी ४२च्या ऑक्टोबरमध्ये, मध्ये वीसेक दिवसांचं अंतर. नाटकात सगळं एका दिवसात उरकतं. कॅशियसचा मृत्यू एका चुकीच्या बातमीवर होतो. टेकडीवरून बघणारा त्याचा गुलाम पिंडारस म्हणतो, तुमचा मित्र टिटिनियस शत्रूच्या हाती पडला. टिटिनियस खरं तर आपल्याच माणसांत असतो, आनंदाने. माझ्या दृष्टीने ही या नाटकातली शेवटची चुकीची नोंद. पण ती अशी भराभर येते की दुःख व्हायच्या आत पुढचा माणूस मरतो.

बायकांच्या बाबतीत शेक्सपिअरने हात फार आखडता घेतलाय. पोर्शिया, ब्रूटसची बायको, मांडीवर स्वतः जखम करून घेऊन विचारते की माझ्यात गुपित सांभाळायची ताकद आहे, आता सांग. पुढे ती दारात उभी आहे, सगळं तिला कळलंय, आणि ती त्या ल्युशियस पोराला सभागृहाकडे पळ म्हणून सांगते. तो जात नाही. का थांबलास? काय काम ते कळायला, बाईसाहेब. तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही! एवढं जिवंत माणूस उभं करायचं आणि मग तिचा मृत्यू दोन वाक्यांत कळवायचा. तोही दोनदा, एकदा ब्रूटस कॅशियसला सांगतो आणि थोड्या वेळाने त्याचा साथीदार मेसाला आल्यावर त्याच्याकडून जणू प्रथमच ऐकतो. आमच्या प्रतीतल्या टिपेत म्हटलंय की एक मजकूर काढायचा राहून गेला असावा. मला मात्र तो तसाच हवा. हाताखालच्यांसमोर कोरडा चेहरा ठेवायला लागलेला अधिकारी मी पाहिलाय. याच प्रवेशात, रोममध्ये किती सिनेटर मारले गेले ते ब्रूटस आणि मेसाला ताडून पाहतात. ब्रूटसच्या पत्रात सत्तर, मेसालाच्या पत्रात शंभर. आपली पत्रं जुळत नाहीत, असं ब्रूटस म्हणतो.

पुस्तक घ्यायचं तर टिपा पानाच्या तळाशीच असलेली प्रत घ्या. टिपा शेवटी असल्या की बोट दोन ठिकाणी ठेवून वाचावं लागतं आणि संवाद तुटतो. इंग्रजीचा धसका घेऊ नका. शेक्सपिअरच्या नाटकांत हे भाषेने त्यातल्या त्यात सरळ आहे. वाचून झाल्यावर १९५३चा जोसेफ मॅन्किविझचा कृष्णधवल चित्रपट बघा. जॉन गिलगुडचा कॅशियस, जेम्स मेसनचा ब्रूटस, आणि मार्लन ब्रँडोचा अँटनी. गळा दाटून आला म्हणून अँटनी बोलायचा थांबतो आणि लोकांकडे पाठ करतो, ती जागा नीट बघा. लोकांना पाठ दिसते, आपल्याला चेहरा. तो कान देऊन लोकांची कुजबुज ऐकतोय. वाचताना जे मला दोन वेळा वाचून उमगलं ते त्या एका चेहऱ्यावर आहे. फक्त चित्रपट आधी बघू नका, नाहीतर ब्रँडोचा आवाज कानातून जात नाही.

आणखी एक. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या राजकैद्याजवळ शेक्सपिअरचं समग्र पुस्तक होतं. ते काढून घेतलं जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवरची देवांची चित्रं चिकटवली आणि तो आपला धर्मग्रंथ असल्याचं सांगितलं. तीसहून अधिक कैद्यांनी त्यात आपापल्या आवडत्या ओळींपाशी सह्या केल्या. नेल्सन मंडेला यांनी १६ डिसेंबर १९७७ रोजी सही केली ती याच नाटकात. भित्री माणसं मरणाआधी अनेकदा मरतात, शूराला मरणाची चव एकदाच कळते, या सीझरच्या ओळींपाशी. हे मी वाचून दाखवलं तेव्हा अण्णांचे डोळे भरले. दिवाळीत शुभेच्छापत्रांचे गठ्ठे त्यांनी खांद्यावरून वाहिलेत.

माझा सगळ्यात आवडता प्रवेश सांगायचा राहिला. लढाईच्या थोडं आधी, एका रात्री, तंबूत. ब्रूटस आणि कॅशियसचं कडाक्याचं भांडण होऊन गेलंय, पैशावरून. लाच घेतोस म्हणून ब्रूटस त्याला बोललाय, आणि मी मागितलेले पैसे का दिले नाहीस म्हणूनही बोललाय. ते पैसे कुठून आले असते, हे त्याने विचारलेलं नाही. मग समेट होतो, सगळे जातात. ब्रूटसला झग्याच्या खिशात एक पुस्तक सापडतं. हेच शोधत होतो, असं म्हणून तो ल्युशियसची माफी मागतो. मी विसराळू झालोय, सांभाळून घे. लाखोंच्या नशिबाचा निर्णय करणारा माणूस नोकराच्या पोराला सांभाळून घे म्हणतो. मग म्हणतो, डोळे उघडे ठेवता येत असतील तर थोडं वाजवशील? पोरगं वाजवायला लागतं आणि वाजवता वाजवता झोपून जातं. ब्रूटस त्याला उठवत नाही. मान कलंडली तर वाद्य मोडेल म्हणून तो ते त्याच्या हातातून हळूच काढून घेतो. पान कुठे दुमडलं होतं ते बघतो. दिवा मंद होतो, आणि सीझरचं भूत येतं. फिलिप्पीला भेटू, एवढं बोलून जातं.

ब्रूटस घाबरून सगळ्यांना हाका मारतो. ल्युशियस आमच्यात शिवणक्लासच्या ताईंनी वाचला होता. त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही, आवाज झोपेतला ठेवला. “तारा बेसूर झाल्यात, धनी.” पोराला वाटतंय, तो अजून वाजवतोच आहे.